कंबर वाढवून मिळणार नाही

सातपूरला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक टेलर मास्तर होते. ते पँट सैल करून द्यायचे नाहीत.

यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. अहो, पण असा दुसरा टेलर दाखवा! माणूस वर्षाला अर्धा-एक इंच सुटत जातो आणि टेलर त्याच्यामागून शिलाई उसवत जातो, ही जगाची रीत आहे. त्यासाठीच तर पँटच्या मागच्या शिलाईत दोन इंच जादा कापड दुमडून ठेवतात. त्याला मार्जिन म्हणतात. आमचे मास्तर मार्जिन ठेवायचेच नाहीत. शिलाई मारून झाली की जादा कापड कात्रीनं कापायचे आणि ती चिंधी पँटबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. दुकानाच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं निळ्या ऑइलपेंटची पाटी रंगवली होती. 'कंबर कमी करून मिळेल, फुकट. कंबर वाढवून मिळणार नाही.'

कापड वाचवायला करतात म्हणावं तर कापड गिऱ्हाइकालाच देऊन टाकायचे. नवीन पँटा शिवून घ्याव्यात म्हणून करतात म्हणावं तर लोक कंटाळून दुसरीकडे जायचे. मग हा हट्ट कशासाठी? आम्ही त्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये पैजा लावायचो. खरं कारण मला कळलं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. ते कळलं म्हणून आज हे लिहायला मी आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मास्तर मूळचे लासलगावकडचे. उंच, हडकुळे, पांढरा पायजमा, गळ्यात टेप. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पँटा शिवणाऱ्या या माणसानं स्वतः पँट कधी घातली नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, ''पँटला नंबर असतो. नंबर फसवतो. नाडी फसवत नाय.''

''मास्तर, नाडीइतकं लबाड काही नाही,'' मी एकदा म्हणालो. ''ती तर पोटाबरोबर वाढते!''

त्यांनी सरळ सदरा वर केला. नाडीवर दोन ठिकाणी काळ्या शाईच्या खुणा होत्या. गाठ मारताना त्या दोन खुणा एकमेकींना भेटल्या पाहिजेत असा त्यांचा नियम होता. ज्या दिवशी भेटल्या नाहीत त्या रात्री मास्तर जेवायचे नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकू, ताट वाढून बसायच्या आणि मास्तर नाडी दाखवायचे. पुढे पुढे काकूच विचारायला लागल्या, ''आज भेटल्या का हो दोघी?''

आमच्या कंपनीत दर वर्षी युनिफॉर्मसाठी कापड मिळतं, दोन शर्टांचं आणि दोन पँटांचं. कापड मिळालं की निम्मी कंपनी पिशव्या घेऊन मास्तरांच्या दारात. शिव्या घालत जायची, पण जायची! कारण फिटिंग. शिवून आलेली पँट पहिल्या दिवशी अशी बसायची की माणूस उगाचच मशीन सोडून दोन-तीनदा टूलरूमपर्यंत जाऊन यायचा.

माप घेण्याची पद्धत हा एक वेगळाच सोहळा होता. टेप कमरेला लागली की पोट आत घ्यायचं, हा पुरुषजातीचा जन्मसिद्ध हक्क. मास्तरांना तो मान्य नव्हता. ते आधी लांबी घ्यायचे, मग मोरी म्हणजे पायाचा खालचा घेर, मग मांडी. कमरेला टेप नुसती सैल गुंडाळून ठेवायचे आणि गप्पा सुरू करायचे. ''काय म्हणतोय लासलगावला कांदा?'' कांद्याच्या भावाचा विषय निघाला की नाशिक जिल्ह्यातला माणूस पोट धरून ठेवूच शकत नाही. ''अहो काय सांगू मास्तर, ट्रॅक्टर भरून नेला आणि...'' एवढं बोलेपर्यंत श्वास सुटलेला, पोट जागेवर आलेलं, आणि सर्रकन टेप आवळलेली! मास्तर मोठ्यांदा आकडा ओरडायचे. गिऱ्हाईक ''थांबा, थांबा, परत घ्या'' म्हणायचं. परत कधीच घ्यायचे नाहीत.

आणखी एक. माप सकाळी चहाच्या आधी. रविवारी मिसळ खाऊन कोणी आलं तर त्याच्या तोंडाच्या वासावरून ओळखायचे आणि हाकलून द्यायचे. ''उद्या या. आज तुमचं नाय, तुमच्या पावांचं माप येईल.''

माणसं त्यांना नावानं आठवायची नाहीत, मापानं आठवायची. कमरेचा आकडा आधी, सीटचा, म्हणजे बसायच्या जागेचा, नंतर. ''ते बत्तीस-अडतीस येऊन गेले का?'' ''सदतीस-अडतीसच्या पोरीचं लग्न ठरलं म्हणे.'' लग्नाला गेले तर अक्षता टाकताना नवरदेवाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पट्ट्याकडे बघायचे. बाहेर आल्यावर काकूंच्या कानात भविष्य सांगायचे, आणि काकू त्यांना चिमटा काढायच्या.

हे भविष्याचं खूळ त्यांना त्यांच्याच वह्यांनी लावलं. मापाच्या वह्या त्यांनी कधी टाकल्या नाहीत. माळ्यावर गठ्ठे बांधून ठेवलेल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, त्यावर एकाखाली एक मापं. काही पानं मधेच थांबलेली. कोणी बदलून गेलं, कोणी गावी गेलं, आणि कोणी कायमचंच गेलं. कधीतरी बसल्या बसल्या मास्तरांच्या लक्षात आलं की अकाली गेलेल्यांच्या बऱ्याच पानांवर शेवटी शेवटी एकच गोष्ट झाली आहे. सीट जागेवर आहे आणि कंबर तिला गाठायला निघाली आहे. त्यावरून त्यांनी आपला नियम काढला. कंबर सीटच्या चार बोटं मागं पाहिजे. ''कांदा मानेला दाबून बघावा, माणूस कमरेला,'' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरून लाल, चकचकीत कांदाही मानेत मऊ लागला की व्यापारी बाजूला टाकतो, हे त्यांनी लहानपणी मार्केट यार्डात पाहिलेलं.

आम्ही हसायचो. मग एकदा कंपनीत आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मास्तर त्याच दिवशी युनिफॉर्मचे गठ्ठे द्यायला आले आणि गठ्ठा खांद्यावर तसाच ठेवून रांगेशेजारी उभे राहिले.

''बाई, नुसतं वजन काय करता? टेप लावा, टेप!''

बाई हसल्या. ''लावतो ना काका. कमरेच्या मापाला सीटच्या मापानं भागतो आम्ही. पुरुषाचं उत्तर शून्य पूर्णांक नऊच्या पुढे गेलं की त्याला जपायला सांगतो.''

''पूर्णांक राहू द्या. सरळ सांगा.''

''म्हणजे सीट दहा असेल तर कंबर नऊच्या आत. दहाला नऊ.''

मास्तरांनी खांद्यावरचा गठ्ठा खाली टाकला. ''दहाला नऊ!'' ते ओरडले. ''अहो चार बोटं म्हंजे तेच की! मी किती वर्षं झाली बोंबलतोय हितं, ही माणसं हसत्यात मला!'' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. एका शिंप्यानं माळ्यावरच्या वह्या चाळून जे शोधलं होतं, ते डॉक्टरांच्या पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं, आणि त्या माणसाला याचं वाईट वाटायच्या ऐवजी अत्यानंद झाला होता.

बाईंनी त्यांची एक चूकही सुधारली. मास्तर बेंबीवरून टेप न्यायचे. बाईंनी दाखवलं की खालची बरगडी संपते आणि कमरेचं हाड लागतं त्याच्या बरोबर मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडलेला. सीटचं माप मात्र त्यांचं बरोबर होतं, मागून जिथं सगळ्यात जास्त भरतं तिथं. आणि जाताना म्हणाल्या, ''पण काका, हा नुसता इशारा बरं का. निकाल नाही. निकाल रक्त तपासल्यावर.'' बायकांचं प्रमाण वेगळं असतं हेही त्यांनी सांगितलं. ते मास्तरांनी घरी जाईपर्यंत बोटांवर मोजून आपल्या भाषेत बसवलं, विसाला सतरा. काकूंना दारातच उभं करून मापलं. काकू पास झाल्या.

त्या दिवसापासून मास्तरांना चेव आला. माप घेऊन झालं की म्हणायचे, ''हात पुढं करा. दहा बोटं सीट. आता एक बोट दुमडा. राहिली ती कंबर. तुमची किती हाय बघू.'' मग माणसाच्या मापाप्रमाणे ते त्याचं बोट दुमडून दाखवायचे. कोणाचं पूर्ण दुमडायचं, कोणाचं अर्धं, कोणाचं नुसतं टोक.

आमच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले पैलवान होते, सिन्नरकडचे. दारातून आडवे निघायचे. सगळ्यांनी त्यांना ढकलत मास्तरांकडे नेलं, आता मजा येईल म्हणून. कंबर त्रेचाळीस. आम्ही टाळ्या पिटल्या. सीट एकोणपन्नास! मास्तरांनी पैलवानांचं एक बोट पूर्ण दुमडलं, वर थोडं दुसरंही वाकवलं. ''पास.'' आणि आमच्या स्टोअरचे साहेब, वाऱ्यानं उडून जातील असे, हातापायांच्या काड्या, वजन जेमतेम साठ. शर्टाच्या आत मात्र एक छोटंसं कलिंगड. कंबर पस्तीस, सीट छत्तीस. त्यांचं बोट दुमडायला मास्तरांना जागाच मिळेना.

''अहो मास्तर, मी बारीक आहे!''

''तुम्ही बारीक हाय, पोट बारीक नाय. मी निकाल देत नाय साहेब. निकाल रक्तात. जाऊन या.''

ते चिडत चिडत गेले. साखर एवढी निघाली की तपासणाऱ्यानं रिपोर्टवरचं नाव दोनदा वाचलं. आज गोळ्या घेतात, रोज चालतात, आणि मास्तरांचं नाव काढलं की हात जोडतात.

आता मी स्वतःकडे वळतो, कारण सगळ्यांत मोठा मूर्खपणा माझा आहे.

मी क्वालिटीत आहे. म्हणजे मशीनवरून आलेला प्रत्येक नग मापात आहे की नाही हे बघणं माझं काम. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मी माणसं रडवली आहेत. आमच्याकडे मापाचं प्रत्येक साधन ठरलेल्या मुदतीत तपासावं लागतं, आणि त्यात दोष निघाला की त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतात. त्यावर 'रिजेक्ट' लिहिलेलं असतं. अशा लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या खिशात कायम असायचा. मास्तर मला 'विन्स्पेक्टर साहेब' म्हणायचे.

माझा अभिमानाचा विषय म्हणजे पँटचा नंबर. लग्नात चौतीस, बावन्नाव्या वर्षीही चौतीस! बायकोसमोर, मुलांसमोर, व्याह्यांसमोर मी हा आकडा मिरवायचो. त्या वर्षी युनिफॉर्मचं कापड घेऊन गेलो आणि नेहमीसारखं म्हणालो, ''चौतीस टाका, माप काय घेताय?'' आधीची काही वर्षं मी जुनी पँट नमुना म्हणून टाकून यायचो. मास्तर वाद घालायचे, मी गाडीला किक मारून पसार व्हायचो. त्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवलं.

''ही पँट तुमच्या कमरेवर नाय, कमरेखाली हाय,'' ते म्हणाले. ''गंगापूरचं धरण भरलं म्हणून कुणी भिंत खाली सरकवतं व्हय?''

मी पोट आत घेऊन उभा राहिलो. कांद्याचा विषय माझ्यावर चालणार नव्हता, आमच्याकडे शेतीच नाही. मास्तर खाली बसून मोरी मोजत सहज म्हणाले, ''तुमच्या कंपनीचा अख्खा लॉट परत आला म्हणे, क्वालिटीनं नीट बघितलं नाय म्हणून?''

''कोण म्हणतं?'' मी उसळलो, आणि सर्रकन टेप आवळली गेली.

कंबर एकोणचाळीस! सीट चाळीस. मास्तरांनी माझा हात हातात घेतला आणि करंगळीचं फक्त टोक वाकवलं. मग कापडाची पिशवी माझ्या हातात परत दिली. ''आधी रक्त तपासून या. मग शिवतो.''

''तुम्ही शिंपी आहात. पँट शिवा.''

''नाय शिवणार.''

दुकानात सात-आठ जण होते. माझा पारा चढला. एकोणचाळीस? मी? मला एकदम सुचलं. त्या टेपचं वय काय असेल? कडा पिवळ्या पडलेल्या, आकडे पुसट, आणि ती टेप मास्तर कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी दुसऱ्या दिवशी रीतसर गेटपास करून कंपनीतली एक मीटरची स्टीलची पट्टी आणली. पहिली पाळी सुटायची वेळ साधून दुकानात गेलो आणि सगळ्यांसमोर पट्टी कापड कापायच्या टेबलावर ठेवली. शेजारी मास्तरांची टेप ताणून धरली. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच आणि वर थोडं. मास्तरांची टेप साडेअडतीसच दाखवत होती! वर्षानुवर्षं ओढून ओढून ती ताणली गेली होती, सगळीकडून सारखीच.

काय आनंद झाला मला, काय सांगू! ''टेप खोटी आहे!'' मी ओरडलो. खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि टेपच्या पितळी टोकाला बांधली. रिजेक्ट.

मास्तर शांतपणे खडू झाडत होते. ''टेप ताणली हे मला म्हाइत हाय. ज्या टेपनं माणूस मापतो त्याच टेपनं कापड कापतो, म्हणून पँट बरोबर बसती. म्हणून तर ती कुणाला देत नाय.'' मग त्यांनी वर पाहिलं. ''साहेब, टेप ताणली म्हंजे कमी दाखवणार का जास्त?''

मी पट्टीकडे पाहिलं, मग टेपकडे. ताणलेली टेप कमी दाखवते. म्हणजे माझी खरी कंबर एकोणचाळीस नव्हती. जवळजवळ चाळीस होती! सीट तेवढ्याच हिशेबानं एक्केचाळीस. भागाकार जिथल्या तिथे. त्या टेपनं आजवर सगळ्यांच्या कमरा कमी सांगितल्या होत्या, पण प्रमाण एकाचंही चुकलं नव्हतं. आणि हे मला, क्वालिटीवाल्याला, सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं.

''टेप रिजेक्ट,'' मास्तर म्हणाले, ''माणसाचं काय करता?''

दुकान हसण्यानं फुटलं. पैलवान तर पोट धरून बाकावर बसले. मी स्टीलची पट्टी उचलली आणि थेट नाशकातल्या द्वारका चौकाकडे गाडी हाणली. तिथल्या एका तयार कपड्यांच्या दुकानात चौतीस नंबरच्या दोन पँटा घेतल्या, पोटाच्या खाली बसणाऱ्या, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की त्या वेड्या म्हाताऱ्याच्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. मास्तर. दुकान सोडून कोणाच्या घरी गेलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही. बायकोनं चहा ठेवला. मी पेपर तोंडापुढे धरून बसलो.

''दुकानात चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती,'' मास्तर म्हणाले आणि त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

पानाच्या वर माझ्या वडिलांचं नाव होतं.

आमच्या घरचे कपडे मास्तरांकडेच असायचे, अगदी माझ्या शाळेच्या हाफ पँटपासून. वडील सातपूरलाच दुसऱ्या एका कंपनीत मशीनवर होते. मी आठवीत असताना ते पहिल्या पाळीला गेले. मशीनपाशीच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आधी सगळं संपलं. त्रेपन्नावं चालू होतं त्यांना. हे सगळं मला माहीतच होतं. पानावरचे आकडे मात्र मी पहिल्यांदा पाहत होतो. सीट अडतीस, अडतीस, अडतीस, अडतीस. कंबर चौतीस, पस्तीस, छत्तीस, अडतीस.

''पहिल्यांदा आले, मी एक इंच सोडलं,'' मास्तर म्हणाले. ''दुसऱ्यांदा आले, दुसरं इंच सोडलं. मार्जिन संपलं. तिसऱ्यांदा आले तर म्हणाले, मास्तर, काहीतरी करा, पोरांच्या फिया भरायच्यात, नवी पँट नको. मग मी मागं दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून दिला.''

तो तुकडा! राखाडी पँटच्या मागच्या बाजूला तपकिरी कापडाचा त्रिकोण. वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलो की तो बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. मी त्याच्यावर बोट फिरवत शाळेत जायचो. इतक्या वर्षांत तो मला एकदाही आठवला नव्हता, आणि आता समोर लख्ख दिसत होता.

''मला तवाच दिसत होतं,'' मास्तर म्हणाले. ''हाताखालून रोज माणसं जात होती. सीट जागेवर आणि कंबर पळतीय, हे दिसत होतं. डॉक्टरला दाखवा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. म्हटलं, आपण शिंपी, आपल्याला कोण विचारतो? मी कापड सोडत बसलो. ते गेले त्याच्या तेराव्याला मी ती पाटी रंगवली. त्या दिसापासून एका माणसाच्या पँटीत मार्जिन ठेवलं नाय.''

बायको कपबशी हातात घेऊन दारातच थांबली होती. मास्तरांनी वहीचं दुसरं पान उघडलं. माझं पान. कंबर एकोणचाळीस, सीट चाळीस.

''तुम्हाला कितवं चालू हाय?''

''बावन्न,'' बायको म्हणाली.

''मग जाऊन ये, बाळा,'' मास्तर म्हणाले. मी कंपनीत लागल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदा अरेतुरे केलं. चहा न पिताच उठले. नाडीच्या खुणा भेटल्या नव्हत्या म्हणे त्या दिवशी.

सोमवारी मी उपाशीपोटी रक्त देऊन आलो. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, आणि पुढच्या तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा. डॉक्टर म्हणाले, ''काही त्रास होत नसताना कसे काय आलात?'' मी म्हणालो, ''टेलरनं पाठवलं.'' त्यांना वाटलं मी भ्रमात बोलतोय! ऑपरेशन लागलं नाही. गोळ्या, पथ्य आणि चालणं. मी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला लागलो. पहिल्या आठवड्यात निम्म्यावर बसून राहायचो, महिन्याभरानं वर पोचलो, आणि पोचलो त्या दिवशी वरून सातपूरच्या शेड दिसल्यावर एकटाच ओरडलो. रविवारची मिसळ महिन्यावर गेली. तर्री बंद. दर महिन्याला मास्तरांकडे जाऊन उभं राहायचं. पोट आत घेणं मी सोडून दिलं होतं. टेपला माझी लाल चिठ्ठी तशीच लटकलेली असायची. त्यांनी ती काढली नाही, आणि काढायला सांगायची माझी हिंमत झाली नाही. एकोणचाळीसचे अडतीस झाले, सदतीस झाले. तयार पँटा मी त्यांच्याकडून आवळून घेतल्या, एकदा, दोनदा, पाटीवर लिहिल्याप्रमाणे फुकट. दीड वर्षानं एका सकाळी मास्तर ओरडले, ''छत्तीस-चाळीस!'' आणि माझं बोट पूर्ण दुमडलं. दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टोअरच्या साहेबांनी मला चक्क मिठी मारली.

तेव्हा कुठे मास्तरांनी माझं ते जुनं कापड कापायला घेतलं.

पँट तयार झाली त्या दिवशी मला चोपन्नावं लागलं होतं. वडिलांनी न पाहिलेलं वर्ष. मी घरी येऊन पँट घातली, आरशात फिरून पाहिली, बायकोला हाक मारली. तिनं सवयीनं कंबरपट्टी उलटून पाहिली आणि म्हणाली, ''अहो, यात मार्जिन आहे.''

मागच्या शिलाईत पुरे दोन इंच कापड, व्यवस्थित दुमडून, इस्त्री करून ठेवलेलं. मी तसाच, ती पँट घालूनच दुकानाकडे धावलो. मास्तरांची नजर अधू झाली होती, दुकान आवरून मुलीकडे लासलगावला जायचं ठरत होतं. मला वाटलं, म्हातारपणी चूक झाली.

''मास्तर, मार्जिन राहिलंय आत!''

''राहिलं नाय. ठेवलंय.'' ते मशीनवर कापड झाकत होते. ''तुझ्या वडलांना दिले तेच दोन इंच हायेत. त्यांना द्यायचे नव्हते, देऊन बसलो. आता तुझ्याकडं ठेव. पण वापरू नको.''

मी दुकानात, भर दुपारी, लोकांसमोर रडलो. त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात टाकली, लाल चिठ्ठीसकट.

मास्तर मुलीकडे गेले. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही. सरळ, ''किती?'' मी म्हणायचो, ''छत्तीस-चाळीस.'' फोन ठेवायचे. गेल्या वर्षी उन्हाळी कांदा निघायच्या दिवसांत त्यांच्या मुलीचा फोन आला, आणि मी लासलगावला जाऊन आलो. नाडीच्या खुणा शेवटपर्यंत भेटत होत्या, असं काकू म्हणाल्या.

मला आता सत्तावन्नावं चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहाच्या आधी, बायको त्या रिजेक्ट टेपनं मला मापते. पोट आत घेऊ नये म्हणून ती मला कंपनीचा कुठला लॉट परत आला ते विचारते. ती पँट मी अजून घालतो. मागची शिलाई मी उसवलेली नाही.